प्रवासासाठी क्रेडिट कार्ड निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्टीची बुकिंगं सुरू झाली की कार्डांबद्दलचे तेच ते प्रश्न फिरून येतात. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. अमुक कार्ड पहिलं, तमुक दुसरं अशी क्रमवारी मुद्दाम दिलेली नाही. बँका पॉइंट्सचे नियम इतक्या वेळा बदलतात की अशी यादी सहा महिन्यांत शिळी होते. हिशेब करायची रीत मात्र तीच राहते, म्हणून भर तिच्यावर आहे. सगळी माहिती भारतातल्या बँकांनी दिलेल्या कार्डांची आहे.

ट्रॅव्हल कार्ड म्हणजे नेमकं काय? साध्या कार्डापेक्षा त्यात वेगळं काय असतं?

जाहिरातीत विमानाचं चित्र असलं की ते ट्रॅव्हल कार्ड, इतकी ती व्याख्या सैल आहे. वापरणाऱ्याच्या दृष्टीने तीन प्रकार पडतात. पहिला को-ब्रँडेड कार्डांचा, म्हणजे एखादी विमान कंपनी, आयआरसीटीसी किंवा बुकिंग वेबसाइट यांच्याशी बांधलेली कार्डं. दुसरा बँकेच्या स्वतःच्या पॉइंट्सचा. हे पॉइंट्स बँकेच्या पोर्टलवर तिकिटासाठी वापरता येतात किंवा विमान कंपनीच्या, हॉटेलच्या खात्यात वळवता येतात. तिसऱ्या प्रकारात पॉइंट्स बेताचेच मिळतात, पण परदेशी चलनातल्या खर्चावर जादा आकार नसतो किंवा कमी असतो. या तिसऱ्या प्रकाराची जाहिरात सगळ्यात कमी दिसते, आणि वर्षाकाठी एकदा परदेशी जाणाऱ्या कुटुंबाला बहुतेकदा तोच सगळ्यात कामाचा ठरतो.

मला अशा कार्डाचा फायदा होईल का?

दर महिन्याचं बिल पूर्ण आणि वेळेवर भरत असाल तर होऊ शकतो. भरत नसाल तर होणार नाही, मग कार्ड कोणतंही असो.

आकडेच पाहा. बहुतेक बँकांचा व्याजदर महिन्याला ३.५ ते ३.७५ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. ६०,००० रुपयांची विमान तिकिटं काढली आणि ती रक्कम महिनाभर थकली, तर ३.७५ टक्क्यांनी २,२५० रुपये व्याज आणि ४०५ रुपये जीएसटी, असे २,६५५ रुपये गेले. पॉइंट्सचा दर २ टक्के धरला तर हाती आले १,२००. शिवाय थकबाकी राहिली की व्याज बिलाच्या शेवटच्या तारखेपासून धरत नाहीत, खरेदीच्या दिवसापासून मोजतात. नव्या खरेदीला मिळणारी ४५-५० दिवसांची बिनव्याजी सवलतही तोवर बंद होते. 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरला की काम झालं असं समजणारे पुष्कळ भेटतात. त्याने फक्त दंड टळतो, व्याज चालूच राहतं.

२० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ मधला आदेश रद्द केला. क्रेडिट कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं आयोगाने त्यात म्हटलं होतं. त्यामुळे 'कायदा वाचवेल' ही आशाही धरू नका.

वार्षिक फी असलेलं कार्ड घ्यावं की फुकटचं?

समजा, एका कार्डाला फी नाही आणि ते खर्चावर १ टक्का परत देतं. दुसऱ्याची फी ५,००० रुपये आहे आणि ते अडीच टक्के देतं. जीएसटी धरून फी झाली ५,९००. दोन्हींतला फरक दीड टक्क्याचा. ५,९०० रुपये दीड टक्क्यातून वसूल व्हायला वर्षाला जवळपास ४ लाख रुपये खर्च करावा लागेल. त्याच्या पुढे खरी कमाई सुरू होते.

इथे 'खर्च' म्हणजे पॉइंट्स मिळणारा खर्च. घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, पेट्रोल, सरकारी भरणा यांवर अनेक कार्डं काहीच देत नाहीत. विम्याचे हप्ते, शाळा-कॉलेजची फी, वीजबिल यांवर कुठे कमी पॉइंट्स तर कुठे महिन्याची मर्यादा. मागच्या बारा महिन्यांची स्टेटमेंटं काढा, हे सगळं वजा करा आणि उरलेला आकडा पाहा. महिन्याला ५०,००० खर्च करणाऱ्या घरात असा पात्र खर्च कधीकधी २०-२५ हजारांवर येऊन थांबतो. मग ५,९०० ची फी म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

दोन गोष्टी मात्र या हिशेबाच्या बाहेर ठेवा. एक, पहिल्या वर्षी मिळणारे स्वागत पॉइंट्स. ते पुन्हा मिळत नाहीत, म्हणून निर्णय दुसऱ्या वर्षाच्या आकड्यांवर घ्यावा. दुसरी, 'इतका खर्च केला की फी माफ' ही अट. ती पुरी करायला गरज नसलेला फ्रिज घेतला तर ती माफी कुणाची झाली हे वेगळं सांगायला नको.

'शंभर रुपयांवर १० पॉइंट्स' हे चांगलं की वाईट?

पॉइंटची किंमत कळल्याशिवाय सांगता येत नाही. काही बँकांचा पॉइंट २० पैशांचा असतो, काहींचा २५ किंवा ५० पैशांचा, काहींचा रुपयाचा. १०० रुपयांवर १० पॉइंट्स आणि पॉइंट २० पैशांचा, म्हणजे २ टक्के. १०० रुपयांवर २ पॉइंट्स आणि पॉइंट रुपयाचा, तरी २ टक्केच. १५० रुपयांवर ४ पॉइंट्स आणि पॉइंट ५० पैशांचा, तर १.३३ टक्के. माहितीपत्रकात पहिलं कार्ड दणदणीत दिसतं, पण वहीवर ते दुसऱ्याइतकंच भरतं.

तोच पॉइंट वेगवेगळ्या ठिकाणी वेगळ्या भावाने जातो, हेही पाहावं लागतं. एकाच बँकेत विमान तिकिटासाठी तो ५० पैशांचा, शॉपिंग व्हाउचरसाठी ३५ पैशांचा आणि बिलातून वजा करायचा असेल तर २० पैशांचा, असं घडतं. अनेक बँका पॉइंट्स वापरताना ९९ रुपये आणि जीएसटी असा आकारही घेतात. 'दर १५० रुपयांवर' असं लिहिलेलं असेल तर १४९ रुपयांच्या खरेदीवर शून्य. किराणा-भाजीचे छोटे व्यवहार जास्त असणाऱ्यांना यात बरीच गळती लागते.

बँकेच्या पोर्टलवर पाचपट, दहापट पॉइंट्स असतील तर आधी तेच विमान कंपनीच्या वेबसाइटवर उघडून भाव ताडून बघा. पोर्टलवरचं तिकीट किंवा हॉटेल महाग निघालं तर जादा पॉइंट्स तुम्हीच विकत घेतले, असा त्याचा अर्थ. अशा जादा पॉइंट्सवर महिन्याची कमाल मर्यादाही बहुतेकदा असते.

एकाच विमान कंपनीचं को-ब्रँडेड कार्ड घ्यावं का?

त्या कंपनीनेच तुम्ही नेहमी जात असाल तर जरूर घ्या. पण आपल्याकडच्या विमान कंपन्यांचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवा. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली. तिची जेटप्रिव्हिलेज योजना वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे वाचली आणि इंटरमाइल्स नावाने चालू राहिली, पण ज्या विमानांसाठी लोकांनी माइल्स (म्हणजे विमान कंपनीचे पॉइंट्स) जमवले होते ती विमानंच उरली नाहीत. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. क्लब विस्ताराचे पॉइंट्स एअर इंडियाच्या योजनेत गेले, तिचंच नाव आता महाराजा क्लब आहे. विस्ताराची को-ब्रँडेड कार्डं मात्र गुंडाळली गेली. वर्षभर खर्च करून फुकट तिकिटाची वाट पाहणाऱ्यांना मध्येच नियम बदललेले पाहावे लागले.

म्हणून दोन-तीन वर्षं पॉइंट्स साठवून मोठी सहल करू, हा बेत को-ब्रँडेड कार्डावर रचू नये. मिळतील तसे वापरत जा. घरापासून जवळच्या विमानतळावरून कोणाची विमानं उडतात हेही आधी पाहा. मुंबई-पुण्याच्या माणसाला पर्याय पुष्कळ असतात. कोल्हापूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला वेळापत्रकात जे विमान आहे तेच घ्यावं लागतं, मग कार्डावर नाव कोणाचंही असो.

पॉइंट्स विमान कंपनीच्या खात्यात वळवले की दुप्पट-तिप्पट किंमत मिळते म्हणतात. खरं आहे का?

कधीकधी खरं आहे, आणि या छंदात बुडालेली माणसं उगाच बुडालेली नाहीत. सिंगापूर एअरलाइन्सचं क्रिसफ्लायर, कतार आणि ब्रिटिश एअरवेजचे एव्हिऑस, हॉटेलांच्या मॅरियट बॉनव्हॉय, अकोर अशा योजनांत भारतातल्या काही कार्डांचे पॉइंट्स वळवता येतात. लांबच्या प्रवासाचं बिझनेस क्लासचं तिकीट रोख घ्यायचं तर लाखांत जातं. तेच माइल्सवर मिळालं तर एका पॉइंटची किंमत दीड-दोन रुपयांवरही जाते.

पण यात चार अडचणी आहेत. पहिली, माइल्सवर द्यायच्या जागा मोजक्या असतात. मे महिन्यात किंवा दिवाळीत, शाळेच्या सुट्टीत चौघांना एकाच विमानात अशा जागा मिळणं फार कठीण. एकटा माणूस किंवा सुट्टीच्या तारखा बदलू शकणारं जोडपं यांचं जमतं. दुसरी, तिकीट 'फुकट' असलं तरी कर आणि काही कंपन्यांचा इंधन अधिभार रोख भरावा लागतो. तिसरी, एकदा वळवलेले पॉइंट्स परत येत नाहीत, आणि त्या खात्यात त्यांना मुदत असते. क्रिसफ्लायरचे माइल्स ३ वर्षांनी जातात. चौथी, बँक वळवण्याचं प्रमाण बदलू शकते आणि वर्षाला किती पॉइंट्स वळवता येतील यावरही मर्यादा घालू शकते. दोन्ही गोष्टी इथे घडून गेलेल्या आहेत.

तेव्हा आधी जागा शोधायची, ती स्क्रीनवर दिसली की मगच पॉइंट्स वळवायचे. काही ठिकाणी पॉइंट्स पोचायला दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढ्यात जागा जाऊ शकते, हा धोका धरून चालावं लागतं. एवढा खटाटोप नको असेल तर अकोरसारखा पर्याय सोपा पडतो. तिथे २,००० पॉइंट्सचे ४० युरो असा ठरलेला भाव आहे आणि ते सरळ हॉटेलच्या बिलातून वजा होतात.

परदेशात कार्ड वापरताना सगळ्यात आधी काय पाहावं?

फॉरेक्स मार्कअप. पॉइंट्स, विमानतळावरचं लाउंज (बसण्या-खाण्याची वेगळी जागा), स्वागत भेट या सगळ्यांच्या आधी.

परदेशी चलनात खर्च झाला की बँक रूपांतराच्या दरावर आपला आकार लावते. बऱ्याच कार्डांवर तो ३.५ टक्के आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ४.१३ टक्के. युरोपच्या सहलीत हॉटेल, जेवण, रेल्वे मिळून २ लाख रुपये कार्डावर गेले तर ८,२६० रुपये नुसते या आकाराचे. एचडीएफसीच्या इन्फिनिया किंवा डायनर्स ब्लॅकसारख्या वरच्या कार्डांवर मार्कअप २ टक्के आहे, म्हणजे करासह २.३६ टक्के आणि याच खर्चावर ४,७२० रुपये. फेडरल बँकेचं स्कॅपिया किंवा आयडीएफसी फर्स्टचं मुदत ठेवीवर मिळणारं वॉव अशी कार्डं हा आकार घेतच नाहीत.

आता ३.५ टक्के मार्कअपचं कार्ड तुम्हाला २ टक्क्यांचे पॉइंट्स देत असेल, तर दर शंभर रुपयांमागे दोन रुपये तेरा पैसे पदरचे गेले. पॉइंट्स मिळाल्याचा आनंद तेवढा झाला.

दुकानदार मशीनवर 'रुपयांत भरणार की युरोत?' असं विचारतो. काय निवडायचं?

त्या देशाचं चलन. दुबईत दिऱ्हाम, बँकॉकमध्ये बात, पॅरिसमध्ये युरो. रुपये निवडले की रूपांतराचा दर तिथली मशीनवाली कंपनी ठरवते आणि त्यात तिचा नफा असतो. वर अनेक भारतीय बँका परदेशात रुपयांत झालेल्या अशा व्यवहारावर सुमारे १ टक्का आणि जीएसटी लावतात. शून्य मार्कअपचं कार्ड खिशात असून रुपयांचं बटण दाबलं तर कार्डाचा उपयोगच संपला. हॉटेलच्या काउंटरवर कधीकधी न विचारताच रुपयांत बिल काढतात. सही करण्याआधी पावतीवरचं चलन बघा, आणि रुपये दिसले तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. त्यात संकोच करायचं कारण नाही.

घरबसल्या बुकिंग करतानाही हे होतं. वेबसाइट रुपये दाखवते, पण कंपनीची नोंदणी परदेशात असते आणि बिलात तो १ टक्का येऊन बसतो.

परदेशात क्रेडिट कार्ड वापरलं तर टीसीएस (पैसे घेतानाच कापला जाणारा आयकर) लागतो का?

कार्ड परदेशात वापरल्याबद्दल लागत नाही. गोंधळाचं कारण २०२३ मधलं आहे. त्या वर्षी मे महिन्यात सरकारने परदेशातला क्रेडिट कार्डाचा खर्च एलआरएस योजनेत, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या वार्षिक मर्यादेत, आणला. मोठा गदारोळ झाला आणि २८ जूनला अर्थ मंत्रालयाने ते लांबणीवर टाकलं. तेव्हापासून ते तसंच आहे. फॉरेक्स कार्डात (परदेशी चलन आधी भरून ठेवायच्या कार्डात) भरलेले पैसे मात्र एलआरएसमध्ये मोजले जातात, आणि परदेशी टूर पॅकेज विकणारी कंपनी टीसीएस घेतेच, पैसे चेकने द्या की कार्डाने. ती रक्कम बुडत नाही. विवरणपत्र भरताना तुमच्या करात वळती होते, जास्त असेल तर परत मिळते.

आम्ही ग्रुप टूरने जातो. टूर कंपनीला कार्डाने पैसे दिले तर?

आधी विचारा की कार्डावर जादा आकार आहे का. पुष्कळ एजंट दीड-दोन टक्के वर मागतात आणि तिथेच पॉइंट्सचा फायदा संपतो. जादा आकार नसेल तर मोठी रक्कम एकदम कार्डावर जाते, आणि खर्चाच्या टप्प्यांवर जादा पॉइंट्स देणाऱ्या कार्डांसाठी ती चांगली संधी असते. मात्र विमान कंपनीकडे किंवा हॉटेलात थेट केलेल्या खर्चावर मिळणारा जादा दर एजंटकडे मिळेलच असं नाही. बँक व्यापाऱ्याचा वर्ग मशीनच्या कोडवरून ओळखते. एजंटने तुमच्या पैशांतून विमानाचं तिकीट काढलं, याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

आमचा प्रवास मुख्यतः रेल्वेचा. गणपतीला कोकणात, मे महिन्यात गावी. काही कार्ड आहे का?

आयआरसीटीसीची को-ब्रँडेड कार्डं एसबीआय, एचडीएफसी, बँक ऑफ बडोदा यांच्याकडे आहेत. एसबीआयच्या प्लॅटिनम कार्डावर एसी वर्गाच्या तिकिटाला १० टक्क्यांपर्यंत पॉइंट्स मिळतात, पॉइंट रुपयाचा, आणि तो तिकिटातच वापरायचा. आयआरसीटीसीवर क्रेडिट कार्डाने पैसे भरताना लागणारा सुमारे १ टक्का आकारही माफ होतो. चौघांचं कुटुंब वर्षातून दोनदा थ्री एसीने जाऊन-येऊन असेल तर फी सहज निघते. स्लीपरने जाणाऱ्याला यात फारसं काही नाही. त्याने यूपीआयने पैसे भरावेत, सेवाशुल्कही कमी पडतं.

आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. गणपतीच्या गाड्यांची तिकिटं मिनिटांत जातात, तेव्हा कार्ड आधीच आयआरसीटीसीच्या खात्याला जोडून ठेवा. कार्डाचे आकडे भरत बसलेल्याला वेटिंगच मिळतं. एसटीच्या प्रवासासाठी म्हणून वेगळं कार्ड घ्यावं, असं मात्र मला वाटत नाही.

लाउंज खरंच फुकट असतं का?

असायचं. आता बहुतेक कार्डांवर अट आली आहे, की मागच्या तिमाहीत ठरलेला खर्च झाला असेल तरच या तिमाहीत प्रवेश. काही बँका त्यासाठी आधी ॲपमधून व्हाउचर काढायला लावतात. त्यामुळे चार महिने कपाटात पडलेलं कार्ड घेऊन दारात उभं राहिलात तर रिसेप्शनवरचा माणूस नम्रपणे नाही म्हणेल. प्रवेश देताना कार्डावरून २ रुपयांसारखी किरकोळ रक्कम घेतात, ती नेहमीचीच आहे.

देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय लाउंजची मोजणी वेगळी. परदेशातल्या लाउंजसाठी प्रायॉरिटी पाससारखं वेगळं कार्ड लागतं, आणि सोबतच्या माणसाचे पैसे बहुतेकदा डॉलरमध्ये तुमच्या बिलात लागतात. नवरा, बायको, दोन मुलं आणि एक कार्ड, म्हणजे एकाने आत जाऊन उपमा खायचा आणि तिघांनी बाहेर बसायचं. ॲड-ऑन कार्डावर (तुमच्याच खात्यावर घरच्या माणसाच्या नावाने मिळणाऱ्या कार्डावर) वेगळा प्रवेश मिळतो का, हे अर्ज करण्याआधी विचारा.

वर्षाला दोनदा विमानाने जाणाऱ्याने लाउंजसाठी फी भरू नये, असं माझं मत आहे. त्या पैशात विमानतळावरचा महागडा वडा-सांबारही चौघांना येतो.

रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड की अमेरिकन एक्सप्रेस?

रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ६ सप्टेंबर २०२४ पासून मोठ्या बँकांना कार्ड देताना नेटवर्कची निवड ग्राहकावर सोपवावी लागते. परदेशासाठी व्हिसा किंवा मास्टरकार्ड घ्या, सगळीकडे चालतं. रुपेचा मोठा फायदा देशात आहे. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे ज्या दुकानात कार्डाचं मशीन नाही, नुसता क्यूआर कोड आहे, तिथला खर्चही कार्डावर येतो. अमेरिकन एक्सप्रेसच्या योजना चांगल्या असतात, पण लहान शहरांत आणि छोट्या हॉटेलांत ते घेत नाहीत, म्हणून एकमेव कार्ड म्हणून ते नको.

मग आमच्यासारख्यांनी शेवटी कोणतं घ्यावं?

वर्षातून एकदा परदेशी आणि दोनदा देशात फिरणारं नोकरदार कुटुंब असेल तर बिनफीचं, शून्य मार्कअपचं एक कार्ड आणि रोजच्या खर्चाला साधं कॅशबॅक कार्ड. एवढ्यावर भागतं. व्यवसायामुळे वर्षाला ८-१० लाखांचा पात्र खर्च कार्डावर होत असेल आणि आकडेमोडीची आवड असेल, तर पॉइंट्स वळवता येणारं, फी असलेलं कार्ड. फक्त रेल्वे असेल तर आयआरसीटीसीचं. आणि 'पाच वर्षांतून एकदा कुठेतरी' अशी स्थिती असेल तर ट्रॅव्हल कार्डाच्या मागे लागूच नका.

पगार नाही किंवा सिबिल स्कोअर नाही. कार्ड मिळेल?

मुदत ठेवीवर मिळतं. निवृत्त माणसं, गृहिणी, कॉलेजातली मुलं यांच्यासाठी तो सरळ मार्ग आहे. ठेवीवर व्याज चालू राहतं, आणि बिल वेळेवर भरलं की स्कोअरही तयार होतो. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो, ७५० च्या वर असला की अर्जाला सहसा अडचण येत नाही. पॉइंट्सच्या मोहाने एकाच महिन्यात चार बँकांत अर्ज टाकले तर स्कोअर घसरतो.

आई-बाबा मुलाकडे अमेरिकेला चाललेत. त्यांच्याजवळ कार्ड असावं का?

असावं, अडीअडचणीला. इथे राहणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या कार्डावर त्यांच्या नावाचं ॲड-ऑन काढणं सोयीचं. ॲपमधून त्याची मर्यादा कमी ठेवा. नव्या कार्डावर परदेशातला वापर बंदच असतो, तो निघण्यापूर्वी चालू करा, नाहीतर न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर पाण्याची बाटलीसुद्धा घेता येणार नाही. परदेशी वेबसाइटवर ओटीपीशिवायही पैसे जाऊ शकतात, म्हणून ऑनलाइन आंतरराष्ट्रीय वापर बंद आणि दुकानातला चालू, अशी मांडणी बरी. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नका, हे दोघांनाही नीट समजावून सांगा. त्यावर वेगळं शुल्क लागतं आणि पहिल्या दिवसापासून व्याज.

मित्रांची तिकिटं माझ्या कार्डावर काढली तर पॉइंट्स मला. चालेल?

पाच-सात जणांची एखादी सहल असेल तर हरकत नाही. पण वर्षभरात कार्डाच्या बिलांपोटी १० लाख रुपये किंवा जास्त भरले, किंवा १ लाख रोख भरले, तर बँक ते आयकर खात्याला कळवते. उत्पन्नाशी त्याचा मेळ बसला नाही तर विचारणा होऊ शकते. मित्रांनी पैसे यूपीआयने दिले असतील तर त्याची नोंद राहते, रोख घेऊ नका. तिकीट रद्द झालं तर त्यावर मिळालेले पॉइंट्स बँक काढून घेते, हेही हिशेबात धरा.

सहलीसाठी नो-कॉस्ट ईएमआय?

प्रोसेसिंग फी लागते, व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो आणि पॉइंट्स बहुधा मिळत नाहीत. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं.

प्रवासात कार्ड हरवलं तर?

ॲपमधून लगेच ब्लॉक करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काहीच जबाबदारी येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर मर्यादित जबाबदारी. ५ लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला ती जास्तीत जास्त १०,००० रुपये आहे. पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, चौकशीसाठी क्रमांक १४४४८.

फिरायला गेलो असताना बिलाची तारीख आली तर?

बचत खात्यातून पूर्ण रक्कम आपोआप भरली जाईल अशी सूचना देऊन ठेवा, आणि ती 'मिनिमम ड्यू'साठी नाही ना, हे तपासा. विसरलातच तर तारखेनंतर ३ दिवसांच्या आत भरा. नियमाप्रमाणे विलंबशुल्क आणि क्रेडिट ब्युरोकडे थकबाकीची नोंद त्यानंतरच करता येते.

कार्ड परवडत नाही असं कळलं. बंद कसं करायचं?

पॉइंट्स आधी वापरा किंवा वळवा, कारण कार्ड बंद झालं की ते बहुधा जातातच. मग बिल शून्य करा आणि बंद करण्याची विनंती लेखी द्या, ॲपमधून किंवा ईमेलने. देणं बाकी नसेल तर बँकेला ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं. उशीर केला तर बंद होईपर्यंत दर दिवसाला ५०० रुपये दंड तिने तुम्हाला द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. कस्टमर केअरवाले अशा वेळी फी माफ करायला तयार होतात. पुढच्या वर्षीसाठी ती माफी लेखी मिळत असेल तरच थांबा. आणि वार्षिक फी बिलात पडायच्या महिनाभर आधी हे सगळं करा, पडल्यावर ती परत मिळवायला फार फोन करावे लागतात.